मार्सेल्स, मार्सेलिस की मार्सेय? एका बंदराचं नाव आणि त्या नावावर खपणारा माल

गलबत

सावरकरांच्या उडीमुळे दक्षिण फ्रान्समधलं हे बंदराचं शहर मराठी घरात शंभर वर्षांपूर्वीच पोचलं, पण त्याचं नाव कसं लिहायचं हे अजून ठरत नाही. जुन्या चरित्रांत मार्सेल्स आणि मार्सेलिस. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे भारतीय वकिलात उघडली तेव्हा बातम्यांत मार्सेल, मार्सेली, मार्सिले अशी सगळी रूपं होती. त्यात नेटवर नुसतं 'मार्सेल' शोधावं तर गोव्यातलं फोंड्याजवळचं माशेल समोर येतं, कारण रोमन लिपीत ते गाव तसंच लिहितात. त्याचा आणि फ्रान्सचा काही संबंध नाही, देवकीकृष्णाचं देऊळ बघायचं असेल तर मात्र जरूर जावं.

तर चर्चेची सुरुवात करतो. इ.स.पू. ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधल्या फोकाया या ग्रीक नगरातून (आज तुर्कस्तानात इझमीरजवळ, फोचा) खलाशी आले आणि वाऱ्यापासून आडोसा असलेल्या खाडीवर वस्ती करून राहिले. ग्रीकांचं मासालिया, रोमनांचं मासिलिया, तेच पुढे घासत घासत आजचं नाव. फ्रान्समधलं सर्वांत जुनं मोठं शहर हेच. म्हणून फ्रेंच क्रीडापानांवर आजही इथल्या फुटबॉल संघाला 'फोकायावाले' म्हणतात, जसं आपण पुणेकर म्हणतो तसं.

माझे प्रश्न दोन. मराठीत काय लिहावं? आणि या शहराचा स्वभाव नेमका कुठे सापडतो? फिरायला काय बघावं याच्या याद्या नकोत, त्या ढिगाने आहेत.

शब्दवेडी

पहिल्याचं उत्तर आपल्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात आहे. आपण 'व्हर्सायचा तह' म्हणतो, 'व्हर्सेल्सचा' म्हणत नाही. दोन्ही नावांचा शेवट फ्रेंचमध्ये एकाच जातीचा: आय, दोन एल, ई. या जोडणीचा उच्चार 'य'. तिथे 'आय' तर इथे 'एय', एवढाच फरक. म्हणून मार्सेय.

'स' कुठून आला? इंग्रजांनी आपल्या स्पेलिंगमध्ये शेवटी एक एस चिकटवला, फ्रेंचमध्ये तो नाहीच. मार्सेल्स हा इंग्रजी उच्चार. मार्सेलिस हे तेच स्पेलिंग मराठी माणसाने अक्षर न् अक्षर इमानदारीने वाचल्यावर झालेलं रूप. चूक म्हणण्यापेक्षा, आपल्याकडे नाव कोणत्या वाटेने आलं त्याची ती खूण आहे.

एक बारकावा. पॅरिसचा माणूस शेवटचा स्वर गिळतो आणि 'य'वर थांबतो. मार्सेयचा माणूस तो गिळत नाही, 'मार्सेय'नंतर एक हलका 'अ' ऐकू येतो. दक्षिणेकडची ही सवय सगळ्याच शब्दांना लागू आहे. मूळ प्रोव्हांसाल भाषेत नाव 'मार्सियो'च्या जवळ जातं. ती भाषा घरांतून जवळपास गेली, पण शब्द राहिलेत: 'देगुँ' म्हणजे कुणीही नाही, 'फादा' म्हणजे डोक्याने सरकलेला, 'पिचून' म्हणजे पोरगं. चंडीगड आखणाऱ्या ल कोर्ब्युझिए या वास्तुकाराने १९४७ ते १९५२ मध्ये इथे ३३७ घरांची काँक्रीटची इमारत उभी केली तिला गावाने नाव दिलं 'फादाचं घर'. चंडीगडवाल्यांनी आपल्या शहराला असं काही म्हटल्याचं ऐकिवात नाही.

नोंदवही

नावाचाच विषय आहे तर हे यायलाच हवं: या शहराचं नाव एकदा शिक्षा म्हणून काढून घेतलं होतं.

३० जुलै १७९२ ला मार्सेयचे स्वयंसेवक एक गाणं म्हणत पॅरिसमध्ये शिरले. गाणं मार्सेयचं नव्हतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रूजे द लील या लष्करी अधिकाऱ्याने ते फ्रान्सच्या ईशान्येला आल्साझमधल्या स्ट्रासबुर्गमध्ये, ऱ्हाईनवरच्या सैन्यासाठी लिहिलं होतं. पण पॅरिसने ते ऐकलं मार्सेयच्या तोंडून, म्हणून 'मार्सेयेझ', आजचं फ्रान्सचं राष्ट्रगीत. पुढच्याच वर्षी शहर पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारविरुद्ध उठलं आणि ऑगस्ट १७९३ मध्ये पडलं. मग जानेवारी १७९४ मध्ये बारास आणि फ्रेराँ या सरकारी प्रतिनिधींनी हुकूम काढला: यापुढे हे 'बिननावाचं शहर'. सरकारी कागदांवर खरोखर तसंच लिहिलं जाऊ लागलं. महिनाभरात, फेब्रुवारीत, पॅरिसनेच तो मागे घेतला. राष्ट्राला गाण्याचं नाव पुरवणाऱ्या गावाला दीड वर्षात बेनाम केलं होतं.

अवांतर: हा बारास तरुणपणी पाँडिचेरीला फ्रेंच फौजेत होता.

गलबत

@शब्दवेडी, व्हर्सायवर वाद संपला. शीर्षकात तिन्ही ठेवतो, खाली मार्सेय.

@नोंदवही, पाँडिचेरीवरून आठवलं. 'मार्सेयचं बंदर अडवणारा तारली मासा' अशी एक म्हण फ्रान्सभर आहे, दक्षिणेकडचे लोक किती फेकतात हे सांगायला. प्रत्यक्षात १७८० मध्ये 'सार्तीन' नावाचं जहाज जुन्या बंदराच्या तोंडाशी बुडालं आणि वाट अडली. इंग्रजांनी पाँडिचेरी घेतल्यावर पकडलेले फ्रेंच कैदी परत आणणारं जहाज ते. नाव होतं नौदलमंत्री सार्तीन यांचं. एक अक्षर बदललं आणि सार्तीनचं सार्दीन, म्हणजे तारली, झालं. म्हणजे घटना खरी, फक्त मासा खोटा.

कौलारू

गाण्यासारखीच गत कौलाची आहे, आणि ती थेट कोकण-गोव्याच्या छपरापर्यंत येते.

आपण ज्याला मंगळुरी कौल म्हणतो ते मूळचं मार्सेय पद्धतीचं. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात यंत्रावर कौलं काढायला सुरुवात केली ती याच धर्तीवर. त्याआधी आपल्याकडे होती नळीची कौलं, कुंभाराने चाकावर नळी फिरवून उभी चिरलेली. मार्सेयमध्येही आधी तसलीच अर्धगोल होती. दोन्हीकडे बदल एकच झाला: साच्यात दाबलेलं सपाट कौल, कडेला खाच आणि खोबण, खाली रिपेत अडकणारी नाकं.

फायदा कसा ते नीट बघा. नळीच्या कौलात एक ओळ उताणी आणि तिच्यावर दुसरी पालथी, म्हणजे जवळजवळ दुप्पट माल आणि दुप्पट वजन. खाचेच्या कौलात शेजारचं कौल फक्त इंचभर चढतं आणि वरचं कौल खालच्यावर दोन ते तीन इंच. चौरस मीटरला साधारण १५ कौलं, प्रत्येकी दोन ते तीन किलो. लाकूड बारीक चालतं, माकड किंवा मांजर गेलं तरी ओळ सरकत नाही.

बिघडतं कुठे? एक, रिपांमधलं अंतर. कौलं बदलताना नवीन माल अर्धा इंच आखूड निघाला आणि रिपा जुन्याच ठेवल्या की वरचा चढ कमी पडतो आणि वाऱ्याचा पाऊस उलटा वर चढून आत येतो. आधी दहा कौलं मांडून माप घ्यावं, मग रिपा ठोकाव्यात. दोन, उतार. २५ अंशांच्या खाली गेला की खाचेतलं पाणी वेळेत वाहत नाही. तीन, खोबणीत माती आणि शेवाळ. पावसाआधी ब्रशने साफ करायचं, खरवडायचं नाही, खाचेची कड उडते.

आता गंमत. हे खाचेचं कौल शोधलं जिलार्दोनी बंधूंनी, १८४१ मध्ये, आल्साझमधल्या आल्टकिर्शला. मार्सेयच्या उत्तर टोकाला सँ-आंरी आणि सँ-आंद्रे इथे चांगली माती होती आणि शेजारीच धक्का. कारखाने तिथे उभे राहिले, जहाजं भरभरून माल पार ऑस्ट्रेलियापर्यंत गेला. जगाने त्यावर मार्सेयचा ठसा वाचला आणि तेच नाव धरलं.

गलबत

म्हणजे गाणं आल्साझचं, कौल आल्साझचं, नाव दोन्हीला मार्सेयचं! मला वाटतं शहराचा स्वभाव इथेच आहे. हे शहर वस्तू जन्माला घालत नाही, जहाजावर चढवतं. जिथून माल सुटतो त्या धक्क्याचं नाव मालाला चिकटतं.

फेसाळ

अर्धंच पटलं. साबण खरोखर इथलाच, आणि त्याची कथा उलटी आहे: माल इथला, पण नाव कुणीही वापरतं.

१६८८ मध्ये, चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजाज्ञेने नियम घातला की इथल्या साबणात ऑलिव्हचंच तेल वापरायचं, चरबी नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात बंदरात आफ्रिकेतून पाम आणि शेंगदाणा, आणि आपल्याकडून तीळ, भुईमूग, खोबरं येऊ लागलं, तेव्हा पांढरा साबण आला. हिरवा ऑलिव्हचा, पांढरा पाम-खोबऱ्याचा.

कृती थोडक्यात. मोठ्या कढईत तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी एकत्र तापवून आधी लगदा होतो. मग त्यात मिठाचं पाणी सोडतात. साबण मिठाच्या पाण्यात विरघळत नाही, म्हणून तो वर फुटून येतो, ग्लिसरीन आणि जादा सोडा खाली राहतो, तो काढून टाकतात. पुन्हा सोडा घालून कित्येक तास शिजवायचं, म्हणजे तेलाचा अंश उरत नाही. मग पुन्हा धुवायचं. शेवटी साध्या पाण्याने सैल करून साच्यात ओतायचं, दोन दिवस थिजू द्यायचं, कापायचं, सहाही बाजूंना ठसा मारायचा, वाळवायचं. कढईपासून ठशापर्यंत दहा-बारा दिवस. मिठाचं धुणं घाईत उरकलं तर सोडा राहतो आणि हात चरचरतात, चुकतं ते बहुधा इथेच.

ठशावरचं '७२ टक्के' म्हणजे त्यातला तेलाचा भाग. घरी ठेवल्यावर ६०० ग्रॅमचा ठोकळा हलका होतो ती फसवणूक नाही, पाणी उडतं.

'मार्सेयचा साबण' हे नाव कायद्याने कुणाचं राखीव नाही. कुठल्याही देशात बनवून, लव्हेंडरचा वास आणि जांभळा रंग घालून त्याच नावाने विकता येतं, आणि जुन्या बंदरावरची निम्मी दुकानं तेच विकतात. विकत घेताना वेष्टन उलटं करा. घटक चार-पाच ओळखीचे हवेत: तेलाचे सोडियम क्षार, पाणी, मीठ, सोडा. सुगंध, रंग किंवा 'टॅलोएट' दिसलं (ती जनावराची चरबी) तर ठेवून द्या. खरा साबण सुंदर दिसत नाही. हिरवा कालांतराने बाहेरून पिवळट-तपकिरी पडतो, आतून हिरवाच असतो.

रस्सावाटी

नाव राखायचा प्रयत्न माशांच्या रश्श्याच्या बाबतीत मात्र झाला. बुईयाबेस. पर्यटकांना कसलंही फिश सूप त्या नावाने वाढायला लागले म्हणून १९८० मध्ये काही खानावळवाल्यांनी सनद केली. ठरलेल्या यादीतले किमान ४ जातींचे मासे हवेत: रास्कास (विषारी काट्यांचा, लाल), सँ-पिएर, ग्रोंदँ, बोद्र्वा, व्हीव्ह, आपल्या वामच्या चेहऱ्यामोहऱ्याचा काँग्र वगैरे. रस्सा आणि मासे दोन वेगळ्या ताटांत, आणि अख्खा मासा गिऱ्हाइकासमोर कापायचा.

मूळ हा कोळ्यांचा रस्सा. विकून उरलेले, काटे जास्त म्हणून कुणी न घेतलेले मासे समुद्राच्या काठी उकळायचे. नावाचा अर्थच 'उकळी आली की उतरव' असा.

घरी करताना बहुतेकांचं एकाच ठिकाणी चुकतं. आपल्याला वर तर्री तरंगलेली आवडते. इथे तेल तरंगलं म्हणजे रस्सा फसला. आधी खडकांतले छोटे मासे कांदा, लसूण, टोमॅटो, बडीशेपेचा कांदा, संत्र्याच्या सालीचा तुकडा यांच्यासोबत परतून, पाणी घालून शिजवून, चेचून गाळून घ्यायचे. या छोट्या माशांच्या काट्यांतला चिकटपणा तेल धरून ठेवतो. नुसत्या फिलेवर करायला गेलात तर धरणारं काही नसतं. मग त्यात ऑलिव्हचं तेल आणि केशर घालून खळखळून उकळायचं, मंद नाही. तेल आणि पाणी त्या उसळीनेच एकजीव होतं. मोठे मासे आणि बटाट्याच्या चकत्या नंतर: बटाटा आणि घट्ट मांसाचे आधी, सँ-पिएरसारखे नाजूक शेवटच्या पाच-सात मिनिटांत. एकदम सगळे टाकले तर नाजूक मासा विरघळून जातो आणि बोद्र्वा कच्चा राहतो. माणशी ३००-४०० ग्रॅम मासा धरा. कोकम, चिंच, नारळ काही नाही, आंबटपणा टोमॅटोचा तेवढाच.

सोबत पावाचे कडक तुकडे, त्यावर लसूण घासायची, वर 'रुय': लसूण, लाल मिरची, केशर आणि अंड्याचा बलक खलून थेंब थेंब तेल घालत केलेलं. तेल भसकन ओतलं की फाटतं. फाटलं तर नवा बलक घ्या आणि फाटलेलं त्यात थोडं थोडं मिसळा, परत जमतं.

पिणाऱ्यांसाठी: पास्तिस या बडीशेपेच्या वासाच्या दारूत एका भागाला पाच भाग गार पाणी, मग बर्फ. आधी बर्फ टाकला तर बडीशेपेचं तेल थिजून वर तवंग येतो.

तिरकस

साबण, रस्सा, कौलं छान. पण बातम्यांतलं मार्सेय म्हणजे टोळ्या आणि पडकी घरं. त्याबद्दल कुणी काही बोलणार की नाही?

नोंदवही

बोलू की. बहुतेक युरोपीय शहरांत मध्यभाग श्रीमंत आणि गरिबी बाहेर. इथे जुन्या बंदराला लागून, स्टेशनाच्या पायथ्याशी गरीब वस्ती आहे, पैसा दक्षिणेला समुद्राकाठी आणि उत्तरेला उंच इमारतींच्या वसाहती. शहराचं क्षेत्र २४० चौ.किमी., पॅरिसच्या दुपटीहून जास्त, लोक पावणेनऊ लाखांच्या आसपास, आणि मेट्रोच्या मार्गिका दोनच (१९७७ आणि १९८४). उत्तरेच्या वसाहती त्यामुळे शहरात असून शहराबाहेर. टोळ्यांचं भूगोलातलं कारण हे.

पडक्या घरांचं कारण बांधकामात आहे. इथलं जुनं घर 'तीन खिडक्यांचं' असतं, रुंदी सात मीटरच्या आसपास, कारण तुळया तेवढ्याच लांबीच्या मिळत. त्या तुळया दोन्ही बाजूंच्या सामाईक भिंतींत रोवलेल्या. म्हणजे एक घर रिकामं पडलं, छत गळलं, भिंतीत पाणी मुरलं की शेजारच्या घराची तुळई सुटते. ५ नोव्हेंबर २०१८ ला रू दोबान्य रस्त्यावर ६३ आणि ६५ नंबरची घरं कोसळली, ८ माणसं गेली. ६३ नंबर रिकामंच होतं. त्यानंतर हजारो लोकांना धोकादायक घरांतून हलवावं लागलं. पावसाळ्यात मुंबईत जुन्या चाळी का पडतात हे ज्याला माहीत आहे त्याला यात नवीन काही नाही.

जुन्या बंदराच्या उत्तरेची पाणवठ्यालगतची वस्ती मात्र आपोआप पडली नाही. जानेवारी १९४३ मध्ये जर्मनांनी फ्रेंच पोलिसांच्या मदतीने सुमारे २०,००० लोकांना बाहेर काढलं आणि फेब्रुवारीत सुरुंग लावून सुमारे दीड हजार घरं पाडली. बंदराच्या त्या बाजूला पहिल्या ओळीत एकसारख्या दगडी इमारती दिसतात त्या युद्धानंतरच्या.

आणि बंदर माणसंही आणतं, आजारही. १७२० मध्ये लेव्हांटहून (भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा) आलेल्या 'ग्राँ सँ-आंत्वान' जहाजावर वाटेतच माणसं मेली होती. विलगीकरण कडक व्हायला हवं होतं, पण मालात शहराच्या कारभाऱ्यांचेच पैसे गुंतले होते आणि कापड जत्रेला पोचायला हवं होतं. कापडाच्या गाठी उतरल्या, पिसवा उतरल्या, प्लेगने शहराची निम्म्याच्या आसपास वस्ती नेली.

शब्दवेडी

मुख्य रस्त्याचं नाव राहिलं. 'कानबिएर' हे प्रोव्हांसाल 'कानेबे'वरून, म्हणजे भांगेच्या जातीचं झाड, ज्याच्या धाग्याचे दोर वळतात. जहाजांचे दोरखंड वळणारे तिथे बसत. इंग्रज खलाशांनी त्याचं 'कॅन ऑफ बिअर' केलं. मार्सेलिस म्हणणाऱ्या मराठी माणसाला कुणी हसू नये, एवढ्यासाठी सांगितलं.

खडकीकर

सावरकरांबरोबर आणखी एक धागा जोडा. २६ सप्टेंबर १९१४ ला हिंदी फौजेची लाहोर डिव्हिजन याच बंदरात उतरली. त्यात खडकीच्या ३ऱ्या सॅपर्स अँड मायनर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या. महिन्याभरात, २८ ऑक्टोबरला, उत्तर फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या लढाईत त्यांचा जवळजवळ चुराडा झाला. शहराच्या दक्षिणेला माझार्ग युद्ध दफनभूमीत हिंदी सैनिकांचं स्मारक आहे.

आणि विचारायचं होतं, उडीची जागा बघायला कुठे जायचं?

गलबत

लोक जुन्या बंदरावर फोटो काढतात, ते चुकीचं. सावरकरांना कैदी म्हणून आणणाऱ्या 'मोरिया'सारखी आगबोट तिथे लागत नसे. मोठ्या बोटींसाठी १८४४ नंतर जोलिएतपासून उत्तरेकडे नवी गोदी बांधत नेली. ८ जुलै १९१० ची उडी त्या बाजूची. धक्क्यावरून सावरकर काही शे मीटर पळाले, फ्रेंच हवालदाराने धरलं आणि इंग्रजांच्या हवाली केलं. हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ ला अटकेत गैरप्रकार झाल्याचं मानलं, पण परत द्यायचं बंधन ब्रिटनवर नाही असा निकाल दिला.

गोदी आज कुंपणाआड आहे, आत सोडत नाहीत. मेट्रोच्या दुसऱ्या मार्गिकेने जोलिएतला उतरा, 'तेरास द्यू पोर' या मॉलच्या मागच्या लांबलचक गच्चीवर जा. कोर्सिका-अल्जिरियाच्या बोटी लागलेल्या दिसतात आणि त्यांच्यापलीकडे लाटा अडवणारा लांब बांध. संध्याकाळी ऊन डोळ्यांवर येतं, म्हणून सकाळी जा. आणि मिस्त्राल, म्हणजे उत्तरेचा जोरदार वारा, सुटला असेल तर टोपी हातात धरा. त्या दिवशी समोरच्या बेटावरच्या इफच्या किल्ल्याची बोटही बहुधा किल्ल्याला लागत नाही, तिकिटाआधी विचारून घ्या.